ट्रकमागचा दगड

बंगळूरहून कोलारच्या दिशेने निघाले की साधारण पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागते. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बंगळूरची जी जहागीर मिळाली, तीत कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि सिरा यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. मराठी माणसाच्या कानावरून हे नाव गेलेले असते ते बहुधा एवढ्याच संदर्भात. आज मात्र होसकोट्याची ओळख गोदामे, कारखाने आणि मालट्रक ही आहे. व्होल्वोचा ट्रकचा कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीस इथेच सुरू झाला. मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ बंगळूर ओलांडून याच गावावरून चेन्नईकडे जात असे. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि होसकोट्याच्या वाट्याला ७५ हा क्रमांक आला. बंगळूर-चेन्नई द्रुतगती मार्गाची सुरुवातही इथूनच होते. थोडक्यात, दख्खनच्या मालवाहतुकीचा हा एक मोठा नाका आहे आणि त्या वाहतुकीत 'एमएच' पाटीचे ट्रक काही कमी नसतात.

असाच एक ट्रक मला काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री होसकोट्याच्या अलीकडे भेटला. भेटला म्हणण्यापेक्षा, आमची गाडी त्याच्यावर आदळता आदळता राहिली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. मी आणि माझी पत्नी कोलारहून परतत होतो. रात्रीचे साडेनऊ झाले असावेत. हवेत धुके नव्हते, पण समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपत होते. अचानक पुढ्यात झाडाची एक मोठी फांदी दिसली, तिच्यामागे तीन-चार दगड, आणि त्यांच्यामागे अवघ्या पंधरा पावलांवर एका ट्रकचा काळाकभिन्न पार्श्वभाग. मी गाडी कशीबशी उजवीकडे काढली. मागून त्या क्षणी कोणी येत नव्हते, म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि जरा तावातावानेच मागे चालत आलो. ट्रकवर 'एमएच १०' अशी पाटी होती. म्हणजे सांगली जिल्हा. चालक चाळिशीचा, जत तालुक्यातला. कोलारच्या बाजारातून टोमॅटो भरून तो वाशीला निघाला होता. ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा पाइप फुटला होता. माझा पहिला प्रश्न अर्थातच शहरी माणसाचा होता, "अहो, गाडी निदान कडेला तरी घ्यायची!" त्यावर त्याने शांतपणे जे समजावून सांगितले, ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आजच्या मोठ्या ट्रकना जो हवेचा ब्रेक असतो, त्यात हवेचा दाब पुरेसा असेल तरच मागची चाके मोकळी राहतात. दाब गेला की आतली स्प्रिंग ब्रेक आवळून धरते. उतारावर ट्रक निसटू नये यासाठी केलेली ही योजना अगदी योग्य आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की, पाइप फुटला की ट्रक जिथे असेल तिथेच रुतून बसतो. चालकाची कितीही इच्छा असली तरी तो त्याला हातभरही हलवू शकत नाही.

माझा दुसरा प्रश्न होता, "मग तो लाल त्रिकोण नाही का तुमच्याकडे?"

"हाय की," तो म्हणाला आणि क्लीनरला हाक मारून त्याने केबिनमधल्या सीटखालून एक चपटा डबा काढायला लावला. त्यावरचे कारखान्यातले प्लास्टिकसुद्धा निघालेले नव्हते. "पासिंगला दाखवाया लागतो, साहेब. रस्त्यावर ठेवला आन् कुणी उडवला, तर मालक पगारातनं कापतो. दगडाचं काय, हितंच घावत्यात."

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. एम. ए. ला दोन वर्षे जे शिकलो आणि नंतर तीस वर्षे सरकारी नोकरीत जे पाहिले, त्याचा सारांश या माणसाने तीन वाक्यांत सांगितला होता. त्रिकोण रस्त्यावर ठेवला तर खर्च त्याचा आणि फायदा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा. दगड फुकट. आणि त्रिकोण न वापरता जपून ठेवला तर पासिंगच्या दिवशी म्हणजे वाहनाच्या योग्यता तपासणीत सगळे सुरळीत. आपणच आखून दिलेल्या नियमांच्या चौकटीत तो अत्यंत तर्कशुद्ध वागत होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १३८ व्या नियमानुसार वाहन विकतानाच निर्मात्याने त्यासोबत परावर्तक त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी द्यायची असते. नव्या मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे वस्तू द्यायची कोणी हे ठरलेले आहे आणि ती पाहायची कधी हेही ठरलेले आहे. मग उणीव कुठे राहिली?

ती सांगण्यापूर्वी स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेख दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कार्यालयात असताना तिथल्या वाहनांची वार्षिक तपासणी माझ्याकडे होती. छापील तक्ता होता. त्यात 'स्टेपनी', 'जॅक', 'प्रथमोपचार पेटी', 'अग्निशामक' असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहायचे होते. मी चौदा वाहने पाहिली आणि चौदाही ठिकाणी प्रथमोपचार पेटीपुढे 'आहे' असे लिहिले. खोटे काहीच लिहिले नव्हते. पेट्या खरोखरच होत्या. महिन्याभराने त्यांतल्याच एका ट्रकचे चाक बदलताना चालकाचा तळहात चांगलाच फाटला. पेटी उघडली, तर आत डिझेलच्या पावत्या, विड्यांचे एक बंडल आणि वाळून खडखडीत झालेली मलमाची नळी एवढेच निघाले. शेवटी त्याच्याच मळक्या उपरण्याने हात बांधून त्याला दवाखान्यात नेले. जखम पिकली आणि तो तीन आठवडे घरी बसला. माझा तक्ता मात्र निर्दोष होता आणि फाइलमध्ये आजही तसाच असेल. मी पेटी पाहिली होती, उघडली नव्हती.

या प्रसंगानंतर मी मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा कायदा काढून वाचला आणि थक्क झालो. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मोटार वाहतूक संस्थांना तो लागू होता. त्यातील प्रथमोपचाराचे कलम अवघे तीन वाक्यांचे होते. पहिले, प्रत्येक वाहनात कामाच्या सर्व वेळी सहज हाती येईल अशी प्रथमोपचार पेटी मालकाने ठेवावी. दुसरे, ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज त्या पेटीत दुसरे काहीही ठेवू नये. तिसरे, पेटी चालकाच्या किंवा वाहकाच्या ताब्यात असावी आणि ती वापरण्याचे शिक्षण मिळण्याची सोय त्याला करून द्यावी. ज्याने हा मसुदा लिहिला त्याला मनुष्यस्वभाव उत्तम कळत होता. पेटीत विड्या जाणार हे त्याने १९६१ सालीच ओळखले होते. हा कायदा आता रद्द झाला आहे. २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने त्याची जागा घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण जुन्या कायद्याच्या साठ वर्षांत आपण त्या तीन वाक्यांतले पहिलेच तेवढे तपासत राहिलो. उरलेल्या दोन वाक्यांना तक्त्यात रकाना नव्हता.

प्रशासनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवाला येते. जे मोजता येते ते आपण तपासतो आणि जे तपासले जाते तेवढेच लोक करतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असेच काहीसे म्हटले होते. एखादे मोजमाप हेच लक्ष्य बनले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होते, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ पुढे रूढ झाला. होसकोट्याच्या त्या ट्रकमध्ये प्लास्टिकात गुंडाळलेला त्रिकोण हे याचे इतके चपखल उदाहरण आहे की पाठ्यपुस्तकात घालावे. सुरक्षेचे साधन आपल्या तपासणीमुळेच प्रदर्शनाची वस्तू बनले होते.

हा विषय इतका गंभीरपणे मांडण्याइतका मोठा आहे का, असे कोणी विचारील. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ६१,०३८ मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे होते. उभ्या वाहनावर आदळणे हा त्या अहवालात अपघाताचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मोजला जातो. आकड्यांपेक्षा दोन घटना आठवून पाहा. २६ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी, होसकोट्यापासून फारशा दूर नसलेल्या चिक्कबळ्ळापूरजवळ धुक्यात एक प्रवासी जीप उभ्या टँकरवर मागून आदळली. १३ जण गेले. २८ जून २०२४ च्या पहाटे हावेरी जिल्ह्यात ब्याडगीजवळ, म्हणजे आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावर, सौंदत्तीच्या यल्लम्माचे दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांची गाडी उभ्या लॉरीवर आदळली. तिथेही १३ जण गेले. या दोन्ही ठिकाणी नेमके कोणाचे काय चुकले, हा तपासाचा आणि न्यायालयाचा विषय आहे. पण अंधारात थांबलेले मोठे वाहन ही किती भयंकर गोष्ट आहे, हे समजायला एवढे पुरे.

थोडे गणित करू. मालवाहू वाहनांना चौपदरी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगाने वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रात्रीच्या वेळी दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ४४ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी पन्नासेक मीटर लागतात. एकूण ९५ मीटर झाले. कार १०० च्या वेगाने असेल तर अंतर याहूनही वाढते. आता त्या पंधरा पावलांवरच्या दगडांचा विचार करा. ज्याला ते दिसतील त्याच्यासाठी उशीर झालेला असेल. फांदी प्रकाश परावर्तित करत नाही आणि दगड तर नाहीच नाही. अमेरिकेतील ट्रकचालकाला तीन परावर्तक त्रिकोण बाळगावे लागतात. गाडी बंद पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत ते त्याने मांडायचे असतात. दुभाजक असलेल्या रस्त्यावर येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेने अनुक्रमे १०, १०० आणि २०० फुटांवर, अशी अंतरेही नियमातच दिलेली आहेत. जर्मनीत तर साध्या कारमध्येही त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि, २०१४ पासून, परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे परिचयाचे असेल. या नियमांत मला महत्त्वाची वाटते ती वस्तूंची यादी नव्हे. 'दहा मिनिटांत' आणि 'इतक्या फुटांवर' या शब्दांनी ती यादी एका कृतीशी बांधली गेली आहे. आपल्या तपासणीतून हरवली आहे ती नेमकी ही कृती.

म्हणून ट्रकमधील आपत्कालीन पेटीचा विचार वस्तूंच्या क्रमाने न करता वेळेच्या क्रमाने करावा, असे मला वाटते.

पहिली दहा मिनिटे 'दिसण्याची'. तीन त्रिकोण, चालक व क्लीनर यांच्यासाठी दोन परावर्तक जाकिटे आणि चालू सेलची बॅटरी. या वस्तू सीटखाली न ठेवता चालकाच्या दाराशी, बसल्या जागी हात पोचेल अशा ठेवाव्यात. उतरण्यापूर्वी जाकीट अंगात आणि धोक्याचे दिवे चालू. त्रिकोण उघडून छातीशी धरून, येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेकडेने चालत जावे. शंभर मीटर म्हणजे सुमारे एकशेतीस पावले. वळण किंवा चढाचा माथा असेल तर त्याच्याही पलीकडे. ही पावले मोजायची सवय दिवसा, कोरड्या रस्त्यावर, एकदा तरी करून ठेवलेली असावी.

दुसरा टप्पा 'सावरण्याचा'. चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे, म्हणजे दगड शोधण्याची वेळच येणार नाही. अग्निशामक, ज्याच्या दाबाचा काटा महिन्यातून एकदा पाहिला जातो असा. जाड हातमोजे. प्रथमोपचारासाठी निर्जंतुक घड्या, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणे हे ज्याला शिकवले आहे, त्याच्या हातात या चार वस्तू पुरतात. ज्याला शिकवलेले नाही, त्याला चाळीस वस्तूही अपुऱ्या. दुसऱ्या कोणाला मदत करताना पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता कायद्याने काढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ आले. हे चालकांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितले आहे काय?

तिसरा टप्पा 'निघण्याचा'. जॅक, व्हील पाना, टॉमी, हवेच्या पाइपचा एक जादा तुकडा व त्याचे जोड, फॅन बेल्ट, फ्यूज, मागच्या दिव्यांचे बल्ब, ओढून नेण्याची साखळी, पिण्याचे पाणी आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय. २०२० नंतरच्या ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इतकी आहे की जुन्या उस्तादासारखे सगळे रस्त्यावर दुरुस्त करणे आता शक्य नाही. पण पाइप, बेल्ट आणि फ्यूज अजूनही हातात आहेत. त्या रात्री टोमॅटोचा तो ट्रक अडला होता तो काही शे रुपयांच्या तुकड्यासाठी.

आणि शेवटी एक कागद. त्यावर राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक १०३३, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि 'मी अमुक महामार्गावर, अमुक क्रमांकाच्या किलोमीटरच्या दगडाजवळ आहे, गाडी बंद पडली आहे' हे वाक्य कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदीत, पण देवनागरी अक्षरांत. होसकोट्याहून शंभर किलोमीटरच्या आत रस्ते शेजारच्या राज्यांच्या सीमा गाठतात. जतच्या माणसाला जी अडचण यंत्राची नाही, ती अनेकदा भाषेची असते. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या वाचकांना ती मी वेगळी समजावून सांगायला नको.

आता 'करणार कोण' हा प्रश्न. देशातले बहुसंख्य ट्रक लहान मालकांकडे आहेत. एक-दोन ट्रक, डोक्यावर कर्ज, भाड्यात चढाओढ. त्यांच्यावर आणखी एक सक्ती लादून उपयोग नाही, असा आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. पण वर दिलेली सारी सामग्री मिळून ट्रकच्या एका टायरच्या किमतीहून कमी खर्चाची आहे. अडचण पैशाच्या रकमेची नसून तो पैसा कोणाच्या खिशातून जातो याची आहे. माझ्या मते चार गोष्टी करता येतील.

एक, तपासणीचा प्रश्न बदलावा. 'त्रिकोण आहे काय?' याऐवजी 'मांडून दाखवा' असे म्हणावे. योग्यता तपासणी आता यंत्रांकडे सोपवली जात आहे आणि ब्रेक व दिव्यांसाठी ते योग्यच आहे. पण यंत्राला चालकाची सवय मोजता येणार नाही. ती टोल नाक्याजवळच्या थांब्यावर, दिवसाउजेडी, दंडाचे पावतीपुस्तक न काढता, पाच मिनिटांत पाहता येईल. ज्याला जमले नाही त्याला तिथेच शिकवावे. घातक रसायने वाहणाऱ्या टँकरच्या चालकांसाठी केंद्रीय नियमांनी तीन दिवसांचे प्रशिक्षण फार पूर्वीच सक्तीचे केले आहे. म्हणजे हे कसे करायचे ते शासनाला ठाऊक आहे. टोमॅटोचा ट्रकही अंधारात तितकाच घातक असतो, एवढेच मान्य करायचे आहे.

दोन, मोडलेला त्रिकोण चालकाच्या पगारातून कापता येणार नाही, असे स्पष्ट असावे. रस्त्यावर मोडलेला त्रिकोण म्हणजे तो वापरल्याचा पुरावा. खरे तर नोकरीची पाच वर्षे झाली तरी ज्याचा त्रिकोण कोरा करकरीत आहे, त्याच्या मालकाला प्रश्न विचारला पाहिजे.

तीन, सरकार स्वतः फार मोठे मालवाहतूकदार आहे. धान्य, खते, टपाल, सिमेंट, निवडणुकीचे साहित्य, सगळे कंत्राटी ट्रकांतून जाते. निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्याला आपण काम देतो आणि सुरक्षेच्या अटी शेवटच्या पानावर छापतो. त्या अटींचा खर्च कोणी धरलेला नसतो. त्याऐवजी आपत्कालीन पेटी व चालकाचे प्रशिक्षण ही बाब निविदेत स्वतंत्र, ठरावीक रकमेची ठेवावी. तीवर स्पर्धा नको. ज्यासाठी पैसे दिले, ते तपासण्याचा हक्कही मग खणखणीत राहतो.

चार, आणि हे आपल्यापैकी अनेकांच्या हातात आहे. होसकोटे असो, चाकण असो की श्रीपेरुंबुदूर, कारखान्यांच्या व गोदामांच्या फाटकावर मराठी व्यवस्थापक कमी नाहीत. फाटकातून आत येणाऱ्या चालकाला आपण हेल्मेट व बूट घालायला लावतो, कारण आतील अपघाताची जबाबदारी आपली असते. माल भरून ट्रक बाहेर पडला की ती संपते, असे आपण धरून चालतो. बाहेर पडणाऱ्या ट्रकच्या दाराशी तीन त्रिकोण आहेत काय, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

चालकांची बाजू पूर्ण सांगायची तर आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रात्री निर्जन रस्त्यावर केबिनमधून उतरून एकशेतीस पावले मागे जायला ते कचरतात, आणि त्याचे कारण आळस हे नाही. डिझेल चोरणारे, माल उतरवणारे, प्रसंगी मारहाण करणारे त्यांना माहीत असतात. तेव्हा महामार्गावर उजेडाचे, पाण्याचे, पहारा असलेले थांबे वाढवणे हाही आपत्कालीन तयारीचाच भाग आहे. पेटी कितीही चांगली असली तरी ती उघडणाऱ्याला सुरक्षित वाटले पाहिजे.

आमच्या लहानपणी रात्री बाजाराहून परतणाऱ्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. गाडीला वंगणाचा नळा आणि दोरखंडाचे वेटोळे असायचेच. गाडीवानाला कोणी प्रमाणपत्र मागत नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही हे त्याला बापाकडून कळलेले असे आणि कंदिलाची काच तो रोज संध्याकाळी पुसत असे. यंत्रे आली, वेग वीसपट झाला, आणि ती रोज पुसायची काच मात्र आपल्या नियमांत कुठेच उतरली नाही.

त्या रात्रीची उरलेली हकीकत सांगून थांबतो. मी तावाने म्हणालो, "थांबा, माझ्या गाडीतला त्रिकोण आणतो." डिकी उघडली. वर दोन बॅगा, आंब्याच्या रोपांची पिशवी, पाण्याचा कॅन. सगळे उतरवून, खालचा गालिचा उचलून, स्टेपनीच्या कडेला अडकलेला डबा हाती यायला आठ-नऊ मिनिटे लागली. तोही कोरा होता. तो उघडायचा कसा हे मला येत नव्हते. ते त्या क्लीनर मुलाने दाखवले. तोवर तीन गाड्या त्या फांदीला चुकवून गेल्या होत्या.

होसकोट्यातून एका मेकॅनिकने मोटारसायकलवर पाइप आणून दिला. तासाभरात ट्रक सुरू झाला. चालकाने हात जोडले, "येतो साहेब," म्हणाला आणि निघाला. माझी पत्नी म्हणाली, "अहो, ते दगड तिथेच राहिले." ट्रक असताना त्या दगडांच्या मागे निदान काहीतरी आहे हे दिसत तरी होते. ट्रक गेल्यावर ते नुसते रस्त्याच्या मधोमध अंधारात पडलेले दगड होते, मोटारसायकलवरून घरी जाणाऱ्या कोणाची तरी वाट पाहणारे. मी माझा त्रिकोण मागे ठेवला आणि आम्ही दोघांनी ते एकेक करून ढकलत कडेला नेले. त्यातला एक इतका जड होता की दोघांना मिळूनही उचलला नाही.

तेव्हापासून आमच्या गाडीतला त्रिकोण मागच्या सीटवर असतो. पाहुण्यांना तो अडतो, ते विचारतात, आणि मग मला ही गोष्ट सांगावी लागते. आपण हे वाचून झाल्यावर एकदा खाली जाऊन स्वतःच्या गाडीची डिकी उघडावी, आणि त्रिकोण हाती यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे, एवढीच विनंती आहे.